दहा भेटींच्या सह्या

"ही आमची रिसर्च स्टुडंट. जाळं ओढणाऱ्या रापणकरांची मुलगी. तिला वाचायला शिकवतोय."

सर पाहुण्यांना सांगत होते. पाहुणे हसले. मी केबिनच्या दारात पुस्तक घेऊन उभी. एम.कॉम. झालेली, नेट पास, व्यवस्थापनात पीएच.डी. करणारी बाई. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

पहिल्या वर्षाला आम्हाला स्वतंत्र वाचनाचा पेपर असतो. मार्गदर्शकानं पुस्तकांची यादी द्यायची. आपण वाचून टिपण करायचं. पंधरा दिवसांनी तासभर समोर बसून त्यावर बोलायचं. अशा दहा भेटी, आणि प्रत्येक भेटीला नोंदवहीत दोघांची सही.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "स्वतंत्र वाचन आहे ना? मग स्वतंत्र वाच. टिपण शिपायाकडे दे."

मी आचऱ्याची. आचऱ्याहून मालवण, तिथून कसालची गाडी, मग पुढे कॉलेज. टिपण शिपायाकडे द्यायचं आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. आत सर पेपर चाळत असायचे. आता बोलावतील, मग बोलावतील, करता करता परतीच्या गाडीची वेळ व्हायची. पहिल्या दोन वेळा राग आला. मग तोही येईना. बसायचं आणि उठायचं.

सहावं टिपण मात्र जीव ओतून लिहिलं. पुस्तकात म्हटलं होतं, सामायिक गोष्ट लोकांना सांभाळता येत नाही, वर कुणी मालक लागतो. मी लिहिलं, आमच्या रापणीला मालक नसतो. सगळे मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढतात. ज्यानं दोराला हात लावला त्याला मासळीत वाटा. आजारी पडला त्याला अर्धा. टिपण देऊन आल्यावर आईला वाचून दाखवलं. ती बांगडे साफ करत होती. हात थांबवून म्हणाली, "अर्धो नाय गो, पुरो. तेना जल्मभर दोर वडलो ना?"

मी माझ्या वहीत दुरुस्ती केली. सरांकडची प्रत तशीच राहिली.

महिनाभरानं कॉलेजात चर्चासत्र झालं. सरांचा निबंध होता, किनाऱ्यावरच्या सामूहिक व्यवस्थापनावर. मला पाहुण्यांना गुच्छ द्यायचं काम. सर माईकवर म्हणाले, "मी स्वतः किनाऱ्यावर फिरलोय. तिथे आजाऱ्याला अर्धा वाटा मिळतो."

अर्धा. माझी चूक, जशीच्या तशी. टाळ्या पडल्या. माझ्या हातात गुच्छ होता, म्हणून मी वाजवल्या नाहीत.

गाडीत डोकं रिकामं होतं. वाटेत कट्टा गावाला एक बाई चढली, शेजारी बसली. "खंय उतरतलंस गो?" तिनं विचारलं. मला गावाचं नावच आठवेना.

सहामाही संपताना सरांनी आत बोलावलं. त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले. त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. दहा तारखा भरलेल्या, समोर त्यांच्या दहा सह्या.

"कर सह्या. मला वर पाठवायचंय."

पेन हातात घेतलं. भीती वाटली. पीएच.डी. यांच्याच हातात होती.

"सर, एकही भेट झालेली नाही."

"टिपणं वाचली ना मी?"

"वाचलीत. सहावं तर चर्चासत्रात वाचलंत. पण आजाऱ्याला पुरा वाटा असतो, सर. अर्धा मी चुकून लिहिलं होतं."

त्यांनी नोंदवहीवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "पेपर राहील तुझा. वर्ष जाईल. विचार कर."

मी पहिल्या तारखेसमोर लिहिलं, भेट झाली नाही. दुसरीसमोर तेच. दहाही ओळी भरल्या आणि खाली सही केली. पानाचा फोटो काढला. सहाव्या टिपणाच्या प्रतीसोबत विभागात तक्रारीचा अर्ज दिला, पोच घेतली.

पेपर राहिला. वर्ष गेलं. घरी आईला सांगितलं, तिनं ताट वाढलं.

आता तीच यादी पुन्हा वाचतेय. दुसरा मार्गदर्शक मागितलाय, अजून मिळालेला नाही. मिळेपर्यंत अर्ज देत राहणार. समोर बसून कुणी बोलल्याशिवाय वहीवर सही करणार नाही. माझ्यावर हसणाऱ्यांबरोबर हसणार नाही. आणि त्या निबंधावर माझं नाव लागलं पाहिजे. खाली बारीक अक्षरात आभार मानलेले चालणार नाहीत. मला माझा वाटा पुरा हवाय.