सोफ्याखालची फळी

शालिनीताई सोफ्यात रुतून बसल्या होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. समोर त्यांच्या मुलाचं काम करणारा नट हात पुढे करून उभा. संहितेप्रमाणे त्यांनी तो हात नाकारून स्वतःच्या बळावर उठायचं होतं. सगळं नाटक त्या एका उठण्यासाठी लिहिलेलं. त्यांनी एकदा जोर लावला, दोनदा लावला आणि तिसऱ्यांदा गुपचूप त्याचा हात धरला.

प्रयोगाला आठ दिवस होते. दिल्लीत, मुनिरकामधल्या एका बेसमेंटमध्ये तालीम चालली होती. दिग्दर्शक सारंगनं मला बाजूला घेतलं. ताईंचे दोन्ही गुडघे ऑपरेशन करून बदललेले, त्यांना झेपत नाहीये, त्यापेक्षा चाळिशीतली कुणीतरी घेऊ आणि केस पांढरे करू, असं त्याचं म्हणणं. वाईट त्यालाही वाटत होतं. ऑपरेशननंतर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ताई पहिल्यांदाच स्टेजवर येणार होत्या.

"मला दोन दिवस दे," मी म्हणाले. "बाई बदलू नकोस. सोफ्याचं काय ते मी बघते."

बोलून तर बसले. कारण सोफा मीच शोधून आणला होता.

मी नेपथ्य करते, इथे दिल्लीत, तीसेक वर्षं. लोकांना वाटतं, नेपथ्य म्हणजे भिंती रंगवायच्या. अहो, निम्मा जन्म वस्तू मागत हिंडण्यात जातो! कुणाच्या घरात काय आहे ते हुडकायचं, ओळख काढायची, गोड बोलायचं आणि उसनं आणायचं. नियम एकच, जसं नेलं तसं परत. ओरखडासुद्धा चालत नाही, नाहीतर पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

हा सोफा गाझियाबादच्या शेख काकांचा. काका मूळचे सोलापूरचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. नाटकात रिटायर्ड अधिकाऱ्याचंच घर होतं, तेव्हा सोफा अगदी फिट. काकांनी तो स्वतः डिझाईन काढून करून घेतला होता. सागवानी, आणि बैठकीखाली समोरून जमिनीपर्यंत अखंड फळी, तिच्यावर द्राक्षवेलीचं कोरीव काम. मी त्या फळीवरच भाळले. प्रेक्षकांना तीच दिसणार ना! मी त्यावर बसले, काकींच्या हातचा चहा प्यायले आणि टुणकन उठले. माझे गुडघे शाबूत, म्हणजे जगाचे शाबूत, अशी माझी अक्कल.

आमच्या धंद्यात यावर ठरलेला उपाय आहे. स्टेजवरचं फर्निचर घरच्यापेक्षा उंच आणि टणक ठेवायचं, म्हणजे नटाला सहज उठता येतं. मी सोफ्याखाली ठोकळे लावले, गादीखाली प्लायवूड सरकवलं. ताई बसल्या. तरी उठता येईना. वर पाय लोंबायला लागले ते वेगळंच.

"मेघना, आता मी बालवाडीतली दिसतेय गं," ताई हसत म्हणाल्या, पण डोळे भरले होते. आपल्याला काढायचं चाललंय हे त्यांना कळलं होतं. मला स्वतःचीच भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी सोफा टेम्पोत घातला आणि ताईंना घेऊन कीर्तीनगरला गेले. तिथले रईस मिस्त्री माझे जुने सुतार. हात सोन्याचे, स्वभाव तिरसट. त्यांनी सोफ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी ताईंना कारागिरांच्या लाकडी बाकड्यावर बसवून चहा दिला. चहा संपला, तशा ताई ग्लास ठेवायला उठल्या. कुणाचा हात नाही, काही नाही. आणि बाकडं तर सोफ्यापेक्षा बुटकं!

मी बघतच राहिले. मिस्त्रींनी ताईंना परत बसवलं, परत उठवलं आणि मला त्यांच्या चपलांकडे बघायला सांगितलं. उठताना त्यांच्या टाचा आपोआप मागे, बाकड्याखाली जात होत्या. माणूस असाच उठतो, पाय मागे घेऊन. सोफ्याला मात्र ती फळी होती. टाच मागे गेली की फळीवर आपटायची.

"मॅडम, घुटने ठीक हैं," मिस्त्री म्हणाले. "पैरों को जगह आपने नहीं दी."

फळी खाचेत बसवून पक्की चिकटवलेली होती. काढायची तर कापावी लागणार. आली का पंचाईत! एक तर उसनी वस्तू, त्यात काकांचा जीव त्या द्राक्षवेलीत. तरी फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.  मग काकांनी एवढंच विचारलं, बाकड्यावरून त्या खरंच एकट्या उठल्या? मी म्हटलं, दोनदा.

"आमची ही सहा वर्षं त्या सोफ्यावरून उठताना माझा हात मागते," काका म्हणाले. "आणि मी म्हणतो, आळशी झालीस. कापा तुम्ही. आणि परत आणताना जोडू नका."

मिस्त्रींनी फळी न फोडता अख्खी कापून काढली. मी ठोकळे काढले, प्लायवूड राहू दिलं. संध्याकाळी तालमीत ताई बसल्या, टाचा मागे घेतल्या आणि उठल्या.  सारंग सगळ्यांना म्हणाला, चलो, पुढचा सीन. पांढऱ्या केसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

प्रयोगाला नटानं हात पुढे केला आणि ताई त्या हाताकडे न बघता सरळ उभ्या राहिल्या. विंगेत मी चक्क रडले. टाळ्या ऐकू आल्या, पण दिसलं काही नाही.

दोन दिवसांनी सोफा गाझियाबादला पोचवला. काकी त्यावर बसून बघत होत्या. काकांनी सवयीनं हात पुढे केला. काकी एकट्या उठल्या, थोड्या दचकल्याच, आणि म्हणाल्या, "आज चहा तुम्ही टाका."

आता मी कुठेही फर्निचर मागायला गेले की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारते, तुम्ही यावरून उठता कसे? बसायला काय, सगळंच बरं असतं.