एक नंबर आग

आमच्या मामानं फायर स्टेशनला फोन करून सांगितलं, "साहेब, गुऱ्हाळाला एक नंबर आग लागलीय!" आणि आमच्या साहेबांनी एकच बंब पाठवला. ह्या एका वाक्यावरून पुढं केवढं रामायण झालं ते आता मी हसत सांगते, पण तेव्हा अंगाची नुसती लाही लाही झाली होती.

मी दौंड तालुक्यातल्या एका फायर स्टेशनच्या कंट्रोल रूमला आहे. फोन घ्यायचा, कुठं आणि काय पेटलंय ते विचारायचं, साहेब सांगतील तशा गाड्या सोडायच्या. त्या दिवशी मी डबा उघडून बसले होते म्हणून फोन साहेबांनी उचलला. साहेब नवीन, मोठ्या शहरातून बदलून आलेले. तिकडं आगीला नंबर असतात. एक नंबर म्हणजे लहान आग, एक बंब आणि त्यावरची माणसं गेली की पुरे. दोन नंबर म्हणजे दोन बंब आणि मागून पाण्याचा टँकर. तीन नंबर म्हणजे आपल्याच्यानं आवरत नाही, शेजारच्या स्टेशनला हाक मारा. आल्या आल्या साहेबांनी तसा तक्ताच भिंतीवर लावला होता. पण आमच्या खुटबावच्या माणसाला एक नंबर म्हणजे काय? एक नंबर बैल, एक नंबर पैलवान, एक नंबर मिसळ. ज्याच्यापुढं काहीच नाही ते एक नंबर!

साहेब उलट खूश. फोन ठेवून मला म्हणतात कसे, "तुमच्या भागातले लोक फार जागरूक आहेत हो. नंबरसकट सांगतात."

मी डबा बाजूला सारला. "कुठून होता फोन?"

"खुटबाव. कुठलंसं गुऱ्हाळ. फार ओरडत होते बिचारे."

मी तशीच उष्ट्या हातानं वायरलेस घेतला आणि साहेबांना विचारून दुसरा बंब आणि टँकर काढला. पण गेलेली वेळ काय परत येते? पहिल्या बंबाचा ड्रायव्हर तिथं पोचून सांगत होता, "मॅडम, साहेबांना सांगा, पाणी संपलं आन् आग न्हाई संपली."

गुऱ्हाळ मामाचंच होतं. उसाचा रस काढून झाला की उरतं ते चिपाड. ते वाळवून त्याची गंज रचतात आणि गूळ शिजवायच्या काहिलीखालच्या चुलाणात तेच जाळतात. ती अख्खी गंज गेली, शेड गेलं, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या खोपी गेल्या. माणसं तेवढी वाचली. माझे वडील लवकर वारले, त्यानंतर आईला आणि मला मामानं ह्याच गुऱ्हाळाच्या जिवावर सांभाळलं. माझी शाळा, माझं लग्न, सगळं त्या चुलाणाच्या धगीवर झालेलं. मला ते जळालं म्हणजे माझंच घर जळाल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मामा स्टेशनला आला तो भांडायलाच. टोपी टेबलावर आपटून साहेबांना म्हणाला, "तुमाला मराठी कळतं का न्हाई? एक नंबर सांगितली व्हती की!"

"म्हणून तर एक पाठवला," साहेब म्हणाले.

कोण काय बोललं ते दोघांच्याही डोक्यात हळूहळू शिरलं. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मामाची माफी मागितली, अगदी उभं राहून. मामा निवळला, पण निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, पुन्यांदा उभं करतो. पर आजून एकदा पेटलं, तर चुलाण बुजवून टाकीन कायमचं. ह्या वयात राख उपसत बसायला मी काय रिकामा न्हाई." मामा उगाच बोलणाऱ्यातला नाही. एकदा तंबाखू सोडतो म्हणाला, तर सोडली ती सोडलीच.

मी साहेबांशी भांडले. म्हटलं, आग लागली की सगळेच बंब सोडा ना एकदम, नंबर हवेत कशाला? साहेब म्हणाले, "आणि पाच मिनिटांनी हायवेवर केमिकलचा टँकर उलटला तर? मी काय तांब्या घेऊन पळू?" त्यांनी मला नीट समजावलं, की नंबर ठरवताना जाणाऱ्या गाड्या मोजायच्या तशाच मागं राहणाऱ्याही बघायच्या. हे मला पटलं. पण मीही हट्टी. म्हटलं, नंबर तुमच्याकडं ठेवा, लोकांना शब्द द्या. आणि बंब पोचेपर्यंत गावानंच पहिली फळी धरायची, तीही आधी ठरवून.

मग गुऱ्हाळावरच बैठक घेतली. मामाचं नवं शेड उभं राहिलेलं, पत्रे अजून चकचकीत. साहेबांनी शिकवायच्या उत्साहात खडूनं भिंतीवर एक, दोन, तीन असं लिहिलं आणि कुणी कधी यायचं ते सांगायला सुरुवात केली. झालं! जो तो म्हणतोय, आमाला एक नंबरात घ्या. ज्यांच्याकडं डाळिंबावर औषध मारायचे ट्रॅक्टरचे ब्लोअर होते ते म्हणाले, आमी पहिलं. टँकरवाले म्हणाले, आमी काय मागनं यायचं? जसं काही मानपानच चाललाय लग्नातला.

तेवढ्यात मागून वस्तीवरचे आप्पा उठले. त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आहे आणि गावातलं सगळ्यात मोठं शेततळं आहे. साहेबांनी त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत टाकलं होतं. आप्पा शांतपणे म्हणाले, "आमी काय तीन नंबरची माणसं हाय व्हय?"

मामा खाली बघायला लागला. आप्पा ते नुसतं आगीबद्दल बोलत नव्हते, आणि हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, त्या आकड्यांवरच. मी उठले आणि ओढणीनं भिंत पुसून काढली. म्हटलं, "आप्पा, ते नंबर गेले खड्ड्यात. लहान पेटलं तर ठिणगी म्हणायचं, मग ब्लोअर पुरे आणि आमचा एक बंब. त्याच्यावरचं म्हणजे जाळ, मग टँकर. आणि सगळंच हाताबाहेर गेलं तर वणवा. वणव्याला पाणी लागतं, आणि पाणी कुणाकडं आहे? तुम्ही मोटर चालू केल्याशिवाय आमचा बंबसुद्धा कोरडा. आता सांगा, कुठं बसता?"

आप्पांनी जरा विचार केला. "वणव्याला सांगा मग आमाला," म्हणाले आणि तिथंच पुढं येऊन मामाच्या शेजारी बसले. आप्पांचं तळं गुऱ्हाळापासून लांब नव्हतं. मामानं स्वतः पैसे घालून तिथून पाइप आणून ठेवला, आणि कामगारांच्या खोपी गंजीपासून दूर हलवल्या.

स्टेशनवर आल्यावर साहेब कुरकुरले, सरकारी तक्त्यावर "वणवा" कसं लिहू म्हणून. मी म्हटलं, आग काय सरकारी असते का? शेवटी लिहिलं त्यांनीच, स्वतःच्या सुंदर अक्षरात.

उन्हाळा चढला. एका दुपारी गरम वारं सुटलं होतं आणि फोन आला कासुर्डीहून, हायवेवर ट्रकचं टायर पेटलंय, ड्रायव्हर उतरून बाजूला उभा आहे. माझा हात दोन बंबांकडं गेला होता, साहेबांनी एकच सोडला. तो जेमतेम फाटकाबाहेर पडला आणि फोन पुन्हा वाजला.

"पोरी," मामाचा आवाज. ओरडणं नाही, काही नाही. "वणवा."

माझे हात आपोआप चालले. ब्लोअरवाल्यांना फोन, टँकरवाल्यांना फोन, आप्पांना फोन. राहिलेला बंब साहेबांनी खुटबावला काढला आणि मला म्हणाले, "शिरूरच्या बाजूचा बंब मागवा. न्हावऱ्यावरून येऊन चौफुल्याला थांबू दे."

"थांबू दे?" मी जवळजवळ किंचाळलेच. "तिकडं माझ्या मामाचं गुऱ्हाळ जळतंय आणि तुम्ही बंब चौकात थांबवताय?"

"चौफुल्यावरून खुटबाव जवळ आणि हायवेही जवळ," साहेब म्हणाले. "ट्रकचा प्रकार वाढला तर? सांगा त्यांना."

सांगितलं. मनात साहेबांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग वायरलेससमोर बसून राहिले. असं वाटत होतं, उठावं आणि पळत सुटावं खुटबावपर्यंत.

आधी ट्रककडून निरोप आला, टायर विझलं, पण गाडीतलं पाणीही संपलं. मग आमचा दुसरा बंब बोलला. "मॅडम, पोचलो. हितं आमच्या आधीच पाणी सुरू हाय. आप्पांची मोटर चाललीय. ब्लोअरवाल्यांनी शेड आन् खोपी भिजवून चिंब केल्यात." मागून माणसांचा नुसता गलका ऐकू येत होता, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, "इधर मारो, इधर!" थोड्या वेळानं पुन्हा आवाज, "वारं फिरलं, गंजीचा जाळ शेडकडं वळलाय. आजून एक गाडी लागंल."

एव्हाना चौफुल्यावर येऊन थांबलेला बंब मी एका वाक्यात सोडला आणि तो बघता बघता पोचला. त्या घडीला शिरूरहून निघाला असता तर? तो विचारसुद्धा नको. मग बराच वेळ काहीच नाही. मग ड्रायव्हरचा दमलेला आवाज आला. "आग आटोक्यात. निम्मी गंज गेली. शेड उभं हाय, काहिल शाबूत, खोप एक जळाली न्हाई. आणखी गाडी नको."

साहेबांनी टेबलावर असा हात मारला की चहाचे कप उडाले. "जमलं!" म्हणून ओरडले, हो, आमचे साहेब. मी तर खुर्चीतून उठून नाचलेच. इतक्या वर्षांत मी कित्येक आगी ऐकल्या, पण जिंकल्याचा असा आनंद मला कधी झाला नव्हता. साहेबांना मी मनातल्या मनात काय म्हटलं होतं तेही सांगून टाकलं. ते हसले फक्त.

पण संध्याकाळी मामाला फोन लावला, तर उचलेना. पुन्हा लावला, तरी नाही. तेव्हा मला त्याचं बोलणं आठवलं. पेटलं तर चुलाण बुजवीन कायमचं. आणि पेटलं तर होतंच ना! वाचलं काय, गेलं काय, मामाचा शब्द तो शब्द. सगळा आनंद असा खर्रकन उतरला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी ड्यूटीवर बसते न बसते तोच फोन वाजला.

"फायर स्टेशन का?"

"मामा, अहो मीच बोलतेय! फोन का उचलत नव्हता?"

"सगळ्यांस्नी जेवू घालत व्हतो. आप्पांनी बोकड पाडला काल. ते ऱ्हाऊ दे. मॅडम, लिवून घ्या." आयुष्यात पहिल्यांदा मामा मला मॅडम म्हणाला. "आता गुऱ्हाळावर मोठा धूर निघंल. कुनीतरी घाबरून फोन करंल तुमाला. बंब पाठवू नका. चुलाण मीच पेटवलंय."

मी फोन धरून लहान पोरीसारखी रडायला लागले. साहेब धावत आले, "काय पेटलं? कुठं?" विचारत. मी रडता रडताच तक्त्याकडं हात केला आणि मान हलवली, की ह्यातलं काही नाही. मग फोन त्यांच्याच हातात दिला, मामाच्या तोंडून ऐकू देत म्हटलं.