कोरड्या तळ्यावरची होडी

पास्कू मास्तर जेवायला बसले की आधी ताटात पाणी ओतत आणि त्यात वाटी पालथी घालत. समोर त्यांची मुलगी बेला. "हे काय?" ते विचारत. "इल्या," ती म्हणे. "जीभ टाळूला लाव. परत." चहूकडून पाणी ते बेट, पोर्तुगीजमध्ये 'इल्या', हा धडा झाल्याशिवाय पोरीला भाकरी मिळत नसे. आमच्या दोन घरांमधली भिंत ठेंगणी होती, त्यामुळे मलाही तो फुकट मिळाला.

अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. मास्तर मूळचे गोव्याचे. इथल्या छावणीच्या बँडमध्ये पितळी बाजा वाजवायला आले आणि इथलेच झाले. बायको प्लेगात गेली. पुढे छातीत क्षय शिरला, बाजा खुंटीवर गेला. तरी स्वभाव कडक. मी काढा दिला तर आधी माझं भांडं नीट घासलेलं आहे का ते बघत. मला राग येई, तरी मी काढा देतच राहिले.

आपल्यानंतर पोरीचं कसं, ही एकच काळजी त्यांना पोखरत होती. मांडवी नदीतल्या त्यांच्या बेटावर ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता, तिथं तिला ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. "वयनी, कोकणी बोलली तर चुलीपुढं बसवतील," ते म्हणत. "पोर्तुगीज बोलली तर शाळेत घालतील. मला लई घाई हाय." म्हणून दिवसभर चाले: पाव नव्हे, 'पाँव', अर्धा नाकात ठेव, पाणी म्हणजे 'आग्वा'.

बेटावर जायची होडी पलीकडच्या काठाला असते. अलीकडून हाक मारल्याशिवाय ती येत नाही. त्या साली पाऊस नव्हता, गावाबाहेरचं तळं भेगाळलं होतं. मास्तर रोज संध्याकाळी बेलाला एका काठावर उभी करत आणि स्वतः होडीवाला होऊन दुसऱ्या काठावर जात. मी शेण्या वेचायच्या निमित्तानं जवळपास असे.

"बाबा, पानी कुटंय?" पहिल्या दिवशी तिनं विचारलं.

"हाय समज. होडीवाल्याला हाक मार. 'ओ द बार्का,' म्हंजे ओ होडीवाले."

बेलाचा आवाज चिमणीएवढा. मला शेजारी उभं राहून धड ऐकू येईना. पण पलीकडून मास्तर हात वर करून लगेच ओरडत, "झा वो!" म्हणजे आत्ता आलो. मग खोकत खोकत तळं ओलांडून येत. बाजेवाल्याचा कान तिखट, असं मला वाटे. सासूबाई करवादत, "कावून वरडायला लावतोय लेकराला? पोरीच्या जातीला हे शोभतं व्हय?"

दिवाळीनंतर निघायचं ठरलं होतं. त्याआधीच मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं तापानं पडली. आमच्या घरातून माझे पती गेले, शेजारून बेला. मास्तर, ज्यांची छाती चाळण झाली होती, ते उरले. देवाचा हा न्याय मला आजही पटलेला नाही.

त्यानंतरही मास्तर संध्याकाळी तळ्यावर जात, होडीवाल्याच्या काठावर बसत. मला ते बघवेना. एकदा मी बेलाच्या जागी जाऊन उभी राहिले. विधवा सून मी, घरातसुद्धा मोठ्यानं बोललेली नव्हते. पण छाती भरून ओरडले, "ओ द बार्का!"

मास्तर दचकून उठले. "झा वो," म्हणाले आणि तळ्यात उतरले. भेगांमध्ये पाय अडखळत होते. जवळ आल्यावर त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"हाक बराबर पोचली, वयनी," ते म्हणाले. "तिची कदी पोचलीच न्हाई. तोंड हललेलं दिसलं की मी व्हय म्हनायचो."

मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. ते परत तळ्यावर गेले नाहीत. उन्हाळा लागायच्या आत गावानं त्यांना बेलाशेजारी माती दिली. ते बेट मी पाहिलेलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.