हात ढिला सोड

"हात ढिला सोड वं माय. ताठला हात बांगडी फोडते."

आमची खाला हे इतक्यांदा म्हणायची, की दवाखान्यातला कंपाउंडरही सुई टोचताना तेच म्हणू लागला होता. खाला म्हणजे अमरावतीतल्या आमच्या गल्लीची मन्यारीण. काचेच्या बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरायची.

अशी एखादी मन्यारीण तुम्हीही पाहिली असेल. पण भरताना फुटलेली बांगडी गिऱ्हाइकाच्या माथी न मारणारी क्वचितच पाहिली असेल. "फुटली ते माही, बसली ते तुही," हा तिचा कायदा. माझ्या आईचे हात संधिवातानं सुजलेले. खाला साबण लावून, गप्पांत गुंगवून अशी बांगडी चढवायची, की आईला कळतही नसे. माझ्या लग्नात नवरीला हिरवा चुडा भरून झाल्यावर तिनं मलाच दम दिला, "पोरीले रडवशीन त पाह्य!"

फाळणीनंतर तिचा जावई पोट भरायला कराचीला गेला. लेकीचं पहिलं बाळंतपण म्हणून काही वर्षांनी खालाही गेली. परत निघाली, तर तिथल्या कचेरीत सांगितलं, पासपोर्टाशिवाय जाता येणार नाही. पुढे आलेल्या कागदावर हिनं अंगठा दिला. मिळालेलं तिथल्या पासपोर्टाचं पुस्तक म्हणजे घरी जायचं तिकीट, असंच ती समजली. बडनेऱ्याला उतरली आणि दुसऱ्या दिवशी ते तिकीट स्वतःहून पोलिसांत आणून दिलं.

परदेशी लोकांची नोंद ठेवणारा तिथला कारकून मी होतो. सरकारचा नियम साफ होता. ज्यानं ज्या देशाचा पासपोर्ट घेतला तो त्या देशाचा, आणि इथं राहायची मुदत संपली की त्याला परत धाडायचं.

"काहून रे बाबू, माहा म्हातारा इथचा आन मी तिथची कशी?" ती माझ्या टेबलापुढे उकिडवी बसून विचारायची. "एकाच चुलीवरचं खातो ना आमी! त्याले दिसत नाई. घास हाती द्या लागते."

मी तिच्यासाठी दोन अर्ज लिहिले, चांगल्या वळणदार अक्षरात. दोन्ही वरून नामंजूर होऊन आले. मग हुकूम आला, पोलीस पहाऱ्यात सरहद्दीपार पोचवावे.

त्या दिवशी म्हातारा तिच्यासोबत आला होता. दाराशी भिंत धरून उभा होता. आणखी एक अर्ज करायचा आहे, असं मीच त्याला सांगितलं होतं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. खालाला मात्र सगळं कळलं होतं.

हुकुमावर अंगठा घ्यायला मी तिचा हात धरला, तर त्याचं लाकूड झालेलं. ठसा फिसकटला. दुसराही फिसकटला. साहेब बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "खाला, हात ढिला सोडा."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात ढिला सोडला. ठसा अगदी स्वच्छ उमटला. आजही मला त्याची लाज वाटते.

"झालं काय वं?" दारातून म्हाताऱ्यानं विचारलं. "चाल मंग, चूल पेटवाची हाय."

"तुमी व्हा समोर. आलीच मी," खाला म्हणाली. दोन शिपाई तिला मागच्या दारानं घेऊन गेले.

म्हाताऱ्याला हाताला धरून मी घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला.

"आपल्या आंधी पोचली असन नाई थे?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो.