स्वतःच्या शोकसभेला उभ्या राहिलेल्या सुमतीताई

सुमतीताईंना मी प्रथम पाहिलं ते त्यांच्याच शोकसभेत.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. रत्नागिरीच्या आमच्या शाळेत मी नवीनच रुजू झाले होते. कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईला गेलेल्या भूगोलाच्या बाई वारल्या, असा निरोप कुणीतरी आणला होता. सारी शाळा पटांगणात मौन पाळून उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक कृश बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही मान खाली घातली. मौन संपल्यावर हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"सुमतीबाई," मी म्हटलं.

समोर मुख्याध्यापिका त्यांना पाहून मटकन खाली बसल्या.

मुंबईला ताईंच्याच वॉर्डात त्याच नावाच्या दुसऱ्या बाई दगावल्या होत्या. हे उलगडल्यावर ताईंनी त्या परक्या बाईंसाठी आम्हाला पुन्हा उभं केलं.

निरोप चुकीचा होता, दुखणं मात्र खरं होतं. स्तनाचा कॅन्सर हाडांत पोचला होता, बरा होणारा नव्हता. ताईंनी हे आम्हाला सरळ सांगितलं. गोळ्या घेत, पाठीशी उशी ठेवून त्यांनी निवृत्तीपर्यंत शिकवलं. पण त्या मरून परत आल्यात, अशी वदंता गावभर झाली होती; त्यांच्या हातून खडू घेताना मुली बोटं आखडत. काहीजणी त्यांची सावली पडते का, ते चोरून बघत. ताई मुद्दाम उन्हात उभ्या राहत. "नीट बघून घ्या, मग नकाशा काढू."

एका दुपारी मी त्यांच्या घरी होते. मागच्या दारी जवळच्या मिरजोळे गावची एक बाई आली. उंबरा ओलांडेना.

"बाय, तुमी गेलेलं माणूस. तुमच्यापाशी बोललं तं कोणाला कळायचं नाय ना?"

ताई हसल्या नाहीत.

"नाही कळायचं. बोल."

तिच्या छातीत गाठ होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ताईंनी तिचा हात धरला तशी ती दचकली. "गरम हाय हात!" म्हणाली आणि रडू लागली. दुसऱ्याच दिवशी, कंबरेत कळा येत असताना, ताई तिला रिक्षाने डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गाठ वेळेवर निघाली. ती बाई आज हिंडतीफिरती आहे.

त्यानंतर मागच्या दारी बायका येतच राहिल्या. दबक्या पावलांनी येत, कुजबुजत, ताईंच्या डोळ्याला डोळा न देता. ताईंनी त्यांची समजूत कधी मोडली नाही. "माणसांची लाज वाटते त्यांना, भुताची नाही," त्या मला म्हणाल्या. "मग असू दे मला भूत."

ताईंच्या षष्ट्यब्दीच्या या गौरव अंकात 'शतायुषी व्हा' असं लिहू का, मी विचारलं. "खरं वाटेल असं काहीतरी माग," त्या म्हणाल्या.

तर ताई, रात्री कूस बदलताना कळ न येवो, सकाळचा चहा गोड लागो, आणि अशा सकाळी तुम्हाला पुष्कळ लाभोत.