विहीणबाईंबरोबर धबधबा

आमच्या विहीणबाईंबरोबर एक दिवस प्रवास केलेल्या माणसाला पुढे आयुष्यात कशाचीच लाज वाटत नाही, कारण असेल नसेल ती सगळी त्या एका दिवसात संपून जाते. मी हे ऐकीव सांगत नाही. मी त्यांच्याबरोबर गोकाकचा धबधबा पाहून आले आहे.

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. राहायला नारायण पेठेत, वय पंचाहत्तरीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याइतकी आणि पाठीवर सॅक. कॉलेजची मुलं डोंगरावर नेतात तसली. मागून पाहिलं तर सॅकलाच पाय फुटलेत असं वाटतं. कोथिंबीर आणायला मंडईत जातानाही ती पाठीवर असते. "सराव राहतो," म्हणतात. आत घडीचं स्टूल, सुतळीचा गुंडा, दोन माणसं मावतील एवढा रेनकोट आणि स्वतःचा स्टीलचा पेला. गळ्यात एक शिट्टी. ती शिट्टी खास माझ्यासाठी. "तुम्ही मागे राहता हो, हाका मारून माझा घसा बसतो." कोल्हापूरच्या स्टँडवर मी पाणी भरायला थांबले तर त्यांनी अशी लांबलचक शिट्टी मारली, की मागे येणारी एक बस तिथेच आडवी थांबली. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे रिक्षा. गाडी मागे घेताना ज्याच्या शिट्टीवर ड्रायव्हर भरवसा ठेवतो तो माणूस धावत आला आणि म्हणाला, "आजी, शिट्टी माझ्याकडं हाय न्हवं!" विहीणबाई म्हणाल्या, "मग वाजवा की वेळेवर." सगळा स्टँड आमच्याकडे बघत होता. मी पदर तोंडाला लावला.

अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून आम्ही दोघी कोल्हापुरात आलो होतो आणि धर्मशाळेत उतरलो होतो. दर्शन झाल्यावर विहीणबाईंनी जाहीर केलं, "उद्या कर्नाटकात. गोकाकचा धबधबा. येऊन जाऊन दिवसाचं काम." मी हो म्हणाले. मला धबधब्याचं काही नव्हतं. आमच्या धानोरीच्या शेतात पाऊस झाला की बांधावरून पाणी पडायचं, ते मी पुष्कळ पाहिलं आहे. आता तिथे इमारती आहेत. मी हो म्हणाले कारण मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला अजून एक दिवस मिळत होता.

गोष्ट अशी की माझी मुलगी त्यांच्या घरी परत जाणार नव्हती. ऑफिस जवळ पडतं असं सांगून ती आमच्याकडे राहायला आली होती. एक दिवस मला म्हणाली, "आई, आमचं ठरलंय. वेगळं व्हायचं. त्यांना तूच सांग, मला नाही जमणार." नवऱ्याला सोडायला जमलं, सासूला सांगायला जमेना. कोणाचं चुकलं ते मला विचारू नका, मला कोणी नीट सांगितलेलं नाही. पण घर सोडून आली ती आमची मुलगी. विहीणबाईंकडे मान वर करून बघायची मला चोरी झाली होती.

आणि एक. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचा घास खायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मुलीला मूल झालं नाही, म्हणून इतक्या वर्षांत मी विहीणबाईंच्या घरचा दाणा तोंडात घातला नव्हता. त्यांच्याकडे गेले तरी माझी भाकरी माझ्या पिशवीत. विहीणबाई ताट वाढून समोर ठेवायच्या, मी हात जोडायचे, त्या म्हणायच्या, "बरं, मग निदान बघा तरी." हा प्रकार दर दिवाळीला व्हायचा.

दुसऱ्या दिवशी गाडी बदलायला संकेश्वरला आम्ही उतरलो तेव्हा सगळ्या पाट्या कानडीत. विहीणबाईंना कानडी येतं. म्हणजे त्या मराठीच बोलतात आणि शेवटी 'री' लावतात. "गोकाकची गाडी कुठे लागते री?" त्यांनी एका पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आजी, मराठीतच बोला की, मला कळतंय." पण तो काय सांगतो ते ऐकायला विहीणबाई थांबतात कुठे! समोरच्या गाडीची पाटी त्यांनी वाचलीसुद्धा. "पहिलं अक्षर गोल आहे बघा. गोकाकच." कानडीतलं एकूण एक अक्षर मला तरी गोलच दिसत होतं. पण त्या शिकलेल्या, मी चौथी पास. चढले.

कंडक्टर आला. त्या राज्यात बायकांना बस फुकट, पण ओळखपत्र तिकडचं लागतं. आमचं पुण्याचं. "मी बाई नाही का?" विहीणबाईंनी भर गाडीत विचारलं. तो बिचारा लाजला. "आजी, कार्ड इकडचं पाहिजे." "अहो, पाऊस आमच्या सह्याद्रीत पडतो, पाणी आमच्याकडून येतं आणि धबधबा मात्र तुमचा! वर तिकीट आमच्याकडून मागता?" गाडीतले लोक हसायला लागले. कोणत्या धबधब्याला जायचंय, असं कंडक्टरने विचारलं तेव्हा कळलं, की ही गाडी गोकाकला जातच नाही, भलतीकडे निघाली आहे. त्याने घाईघाईने बेल मारली आणि आम्हाला उसाच्या शेतांपाशी उतरवलं. गाडी गेली. माझी पिशवी फळीवर राहिली. भाकरी त्यात, चटणी त्यात, पैशाचा बटवाही त्यातच. मी मागे धावले. विहीणबाईंनी शिट्ट्या मारल्या. गाडी काही थांबली नाही आणि पिशवी पुन्हा दिसली नाही.

पुढे आम्हाला मिरच्यांच्या पोत्यांचा एक टेम्पो मिळाला. पोत्यांवर बसून शिंकत शिंकत आम्ही गोकाकच्या दिशेला निघालो. दोन शिंकांच्या मधे विहीणबाईंनी सॅकमधून डबा काढला. "पुऱ्या आहेत. घ्या." मी मान हलवली. "बरं, रस्त्यात कणीस घेऊ, पैसे मी देते." तेही तुमचंच झालं, म्हणाले मी. "विहीणबाई, तुम्ही उपाशी मराल आणि लोक मला विचारतील," त्या म्हणाल्या. आणि मला उपाशी ठेवून आपण कसं खायचं म्हणून त्यांनीही डबा मिटला. मग धबधब्यापर्यंत दोन म्हाताऱ्या भरल्या डब्याशेजारी उपाशी बसून होत्या. पोटातून आवाज येत होते. माझ्या की त्यांच्या, सांगता येत नाही.

धबधबा मोठा आहे हे मान्य करते. सगळी नदीच खाली पडते, गढूळ, चहासारखी. आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. मी मनाशी म्हटलं, आता परत जायची वेळ होईल, सांग. मी हळू सांगितलं. "काय?" विहीणबाई म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. "काय म्हणता?" शेवटी मी जिवाच्या आकांताने ओरडले, "माझी मुलगी परत येणार नाही! तुमच्याकडे! कधीच!"

कठड्याशी कणसं खाणारं एक कुटुंब होतं. ते खायचं थांबून माझ्याकडे बघायला लागलं. घरात दार लावून सांगायची गोष्ट मी परमुलखात गर्दीसमोर ओरडून सांगितली होती. मिरचीने डोळे आधीच लाल होते, ते एक बरं झालं.

विहीणबाईंनी माझा दंड धरला आणि पाण्यापासून दूर एका झाडाखाली नेलं. सॅक उतरवली. स्टूल उघडून मला बसवलं आणि स्वतः दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, "जाताना तिनं देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा नेली. तुम्ही लग्नात दिलेली. ऑफिसला अन्नपूर्णा कशाला लागते?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलेपर्यंत खोटंही असू शकलं असतं की," त्या म्हणाल्या.

माफी मागावी तर काय म्हणून मागावी ते सुचेना. विहीणबाईंनी डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. "खा आता. आता काय अडचण आहे? हे तुमच्या लेकीचं सासर राहिलं नाही."

मी खाल्लं. लाज वाटावी इतकं खाल्लं. त्याही खात होत्या.

"कशी झालीय भाजी?"

"साखर जास्त आहे."

"तिला तशीच आवडते," विहीणबाई म्हणाल्या आणि पलीकडे पाण्याकडे बघायला लागल्या.

परतीच्या गाडीत एका बाईने विचारलं, "तुम्ही दोघी बहिणी का?" एरवी विचारायच्या आधी उत्तर देणाऱ्या विहीणबाई खिडकीबाहेर ऊस बघत राहिल्या. मीच म्हणाले, "नाही, विहिणी." सोडचिठ्ठीचे कागद व्हायचे होते अजून.

आता तेही झाले. मुलं आपापल्या मार्गाला लागली, एकमेकांना फोनसुद्धा करत नाहीत. दिवाळीत मी नारायण पेठेत गेले. रिक्षातून उतरून जिना चढले, तेव्हा कोणत्या नात्याने आलो हे मला सांगता आलं नसतं. विहीणबाईंनी दार उघडलं, काही विचारलं नाही, आत जाऊन पानं घेतली. मी हात धुऊन जेवायला बसले. कितीतरी वर्षं नुसतं बघितलेलं ते ताट होतं. एकमेकींना हाक काय मारायची याचाच तेवढा घोळ झाला, म्हणून जेवण होईपर्यंत आम्ही दोघी फक्त "अहो" म्हणत होतो.