ब्रेकबाईंचं कोरं मत

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. त्यांच्या शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक होता आणि तो दाबताना त्या कुणाची भीड ठेवत नसत. स्टिअरिंगवर वकील असो की उद्या बोहल्यावर चढणारा नवरदेव, सिग्नल पिवळा झाला की गाडी जागच्या जागी ठप्प. ‘घाई असेल तर चालत जा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाई माहेरापासून जुन्या पक्षाच्या. नियम पाळावेत, घर सांभाळावं, चांगलं चाललेलं उगाच मोडू नये, लोकांच्या कराचा पैसा जपून वापरावा आणि चुकलं तर ‘चुकलं’ म्हणावं, असं पक्ष सांगायचा आणि बाईंना ते मनापासून पटायचं. त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वॉर्डातलं पक्षकार्यालय चालवायचा. निवडणूक आली की बाई निम्म्या शिकवण्या बंद ठेवून पत्रकांचा गठ्ठा घेऊन जिने चढायच्या. गुडघे कुरकुरायचे, पण बाई नाही.

वॉर्डातला यंदाचा उमेदवार तरुण होता, देखणा होता आणि गोड बोलायचा. ‘जबाबदारी’ या विषयावर तर असा काही बोलायचा, की सभेत सगळ्यात आधी टाळी पडायची ती बाईंची.

मतदान तोंडावर आलेलं. एका दुपारी बाई एका दातांच्या डॉक्टरला गाडी लावायला शिकवत होत्या. दुसऱ्याच्या हिरडीत शांतपणे सुई खुपसणारा हा माणूस स्टिअरिंग हातात आलं की घामाघूम व्हायचा. त्यातून तो नव्या पक्षाचा, आणि कट्टर. म्हणून गाडीत राजकारण काढायचं नाही, असं दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

समोर चष्म्याचं दुकान होतं. मालक जेवायला गेल्यामुळे ते बंद होतं. उमेदवाराची लांबलचक गाडी रिव्हर्समध्ये दुकानाकडे येत होती, ती येतच राहिली आणि खळ्ळकन आवाज होऊन दुकानाची दर्शनी काच खाली आली. स्टिअरिंगमागून कानाला फोन लावलेला उमेदवार उतरला. शेजारच्या सीटवरून त्याचा ड्रायव्हर उतरला, बाईंच्या ओळखीचा, पिकल्या मिशांचा साधा गृहस्थ. दोघांत काहीतरी बोलणं झालं, त्यांनी जागा बदलल्या आणि गाडी निघून गेली.

“पाहिलंत?” डॉक्टरचे डोळे लकाकले.

“पाहिलं. आता तुम्ही आरशात पाहा. मागचं चाक फुटपाथवर चढलंय.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. उमेदवार दुकानदाराला नवी काच बसवून देतोय, आणि खाली त्याचे उद्गार : ‘चूक माझ्या ड्रायव्हरची, पण जबाबदारी माझी.’ ड्रायव्हरला कामावरून काढल्याचं आणि पोलिसांत त्याच्यावर निष्काळजीपणाची तक्रार झाल्याचंही त्याच बातमीत होतं. बाईंचा घास तोंडातच राहिला. पेपर काखेत मारून त्या तशाच भावाकडे गेल्या.

“दादा, गाडी तो स्वतः चालवत होता. मी पाहिलंय.”

“आणखी कुणी पाहिलं?”

“माझ्या डॉक्टरनं.”

“तो? निवडणुकीच्या दिवसांत तो काहीही बोलेल, त्याचं कोण ऐकतंय!”

“म्हणजे माझं तुला खरं वाटतंय.”

“वाटणारच. तुला खोटं बोलता आलं असतं, तर लहानपणी माझा निम्मा मार वाचला असता.” दादा हसला, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघ, वाईट मलाही वाटतंय. पण आपण मत माणसाला नाही देत, पक्षाला देतो. ही एक जागा गेली तर बहुमत गेलं. मग ते लोक वाचनालयाचं मैदान विकणार, कर वाढवणार. हे सगळं एका काचेपायी?”

“काचेपायी नाही रे. ड्रायव्हरपायी.”

“त्याच्या नोकरीचं मी बघतो. अगदी शब्द देतो. तू फक्त मतदान होईपर्यंत गप्प बस.”

पंचाईत अशी, की दादाचं बोलणं चुकीचं नव्हतं. मैदानाची धास्ती बाईंनाही होती. नव्या पक्षाच्या हातात गाव द्यायचं म्हणजे डॉक्टरच्या हातात गाडी देण्यासारखं, आणि पायाशी ब्रेक नाही! दिवसभर त्यांचं शिकवण्यात लक्ष लागेना. संध्याकाळी एक शिकाऊ मुलगी गाडी चालवत असताना त्यांनी चक्क हिरव्या सिग्नलला ब्रेक मारला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गजर केला, तेव्हा त्या भानावर आल्या.

मुलीला घरी सोडून त्या थेट पक्षकार्यालयात गेल्या आणि उमेदवाराला बाजूला घेतलं.

“तुम्हीच सांगून टाका. माणसं माफ करतात हो. मी पण करेन.”

“मतदान झालं की नक्की सांगतो, मॅडम.”

“मग सांगून काय उपयोग?”

तो गोड हसला. “तुम्ही आपल्याच माणसाविरुद्ध बोलणार?”

“ड्रायव्हर आपलाच होता की,” बाई म्हणाल्या. “तुमच्याआधीपासून पक्षात आहे तो. पत्रकं वाटताना माझ्याबरोबर जिने चढलाय.”

उमेदवार घड्याळाकडे बघत निघून गेला. त्या पाठमोऱ्या कोटाकडे बघताना बाईंचं ठरलं.

सकाळी त्या डॉक्टरला घेऊन पोलीस चौकीत गेल्या. डॉक्टरला सोबत चार पत्रकारही हवे होते.

“पत्रकार आले तर तुमची शिकवणी बंद,” बाईंनी दम भरला. “आपण ड्रायव्हरसाठी आलोय, तुमच्या प्रचारासाठी नाही.”

“बाई, अहो, तुम्ही आमच्याच पक्षात या ना!”

“तुमच्यात? वळताना इंडिकेटर देत नाही तुम्ही. मैदान विकताना काय सांगणार?”

दोघांनी जे पाहिलं ते सांगितलं. ड्रायव्हरवरची तक्रार मागे घेतली गेली. पण बातमी थोडीच लपते? दुसऱ्या दिवशी पक्षाच्या नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराची पत्रकं वाटताना दोन दारं बाईंच्या तोंडावर आपटली. एका जुन्या मैत्रिणीनं तर घरभेदी म्हटलं. बाई जिना उतरून खाली आल्या आणि गाडीत नुसत्याच बसून राहिल्या. रडू येत नव्हतं, पण गाडीही सुरू करवत नव्हती.

मतदानाच्या दिवशी हातात दोन मतपत्रिका पडल्या, एक नगराध्यक्षाची आणि एक वॉर्डाची. पहिलीवर जुन्या पक्षापुढे शिक्का मारायला बाईंना श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. दुसरी मात्र हातात धरून त्या उभ्याच राहिल्या. उमेदवारापुढे हात उठेना आणि समोरच्याकडे वळेना. शेवटी तशीच कोरी घडी करून त्यांनी पेटीत टाकली. बाहेर आल्यावर आपण काही मोठं केलं असं त्यांना मुळीच वाटलं नाही. घराचं कुलूप लावायचं राहिलं की काय, असं मात्र वाटत राहिलं.

उमेदवार निवडून आला, अगदी काठावर. बहुमत राहिलं आणि मैदानही वाचलं. याचा बाईंना आनंदच झाला, आणि तो त्यांनी लपवला नाही. त्याच आठवड्यात वॉर्ड समितीनं त्यांना वगळलं. दादानं ड्रायव्हरला शाळेच्या बसवर लावून दिलं, पण बहिणीशी तो महिनाभर बोलला नाही.

पक्षाच्या पुढच्या सभेला बाई मागच्या रांगेत जाऊन बसल्या. सभासद तर त्या होत्याच, ते कोण काढून घेणार? सभा संपली, माणसं पांगली, आणि खुर्च्या आवरायला नेहमीप्रमाणे दोघं भावंडंच उरली.

“मी त्यालाच मत दिलं,” दादा खुर्च्या एकात एक घालत म्हणाला. “आणि मला त्याचा पस्तावा नाही.”

“मी कुठे म्हणतेय, पस्ताव म्हणून?”

“पण पुढच्या वेळी उमेदवार ठरवताना तू यायचंस. काय तोफ डागायची ती आधी डाग. नंतर फार त्रास होतो, मला.”

“समितीतून काढलंय ना मला?”

“समितीनं काढलंय. मी बोलावतोय.”

“येईन,” बाई म्हणाल्या, आणि पुढची खुर्ची त्यांनी त्याच्या हातात दिली.